हसत्या घराचं बायबल

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार. पापडी.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. पुढे लोक विचारतात, सुरुवात कशी झाली म्हणून.

सुरुवात अशी झाली. रेडिओवरचे साहेब गेल्या महिन्यात मला म्हणाले, "एका कुटुंबाची मालिका हवी. आठवड्याला एक भाग, वर्षानुवर्षं चालेल अशी. बघा काही सुचतंय का." याला म्हणतात माणसाची पारख! (हे ते जिन्यात म्हणाले आणि बरोबर आणखी चार-पाच लेखक उतरत होते, हे खरं. पण बघत ते माझ्याकडे होते.) दुसऱ्याच दिवशी वखारीतल्या कारकुनीचा राजीनामा दिला. मालक म्हणाले, "बरं झालं." त्यांनाही माझी झेप कळली असणार.

प्रेमलता भाऊबीजेला आगाशीला गेली आहे, भावाकडे. मीच म्हटलं, राहा थोडे दिवस. म्हणजे म्हणणारच होतो. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बोलवाल तेव्हा येईन." मी "बरं" म्हटलं. नेमकं त्याच वेळी मला मालिकेचं नाव सुचत होतं. सुचलंच! 'हसतं घर'. तिला सांगायला वळलो तर ती गेलेली. बायको समजूतदार असली की कामात असा अडथळा येत नाही.

संकल्प: जानेवारीअखेर सगळा आराखडा साहेबांच्या टेबलावर. मग मालिका रेडिओवर. मग प्रेमलता आगाशीला भावाच्या रेडिओवर ऐकेल आणि धावत येईल. मुद्दाम बोलवायची वेळच येणार नाही.

१८ नोव्हेंबर

काम धडाक्यात सुरू. माझी पद्धत अशी: आधी भाग लिहायचे नाहीत. आधी घर उभं करायचं. कोणाचा जन्म कधीचा, कोणाला कसला विकार, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, विहीर घराच्या कोणत्या बाजूला, ओट्याची कुठली पायरी हलते. एकदा हे पक्कं झालं की भाग काय, पाण्यासारखे वाहतील.

हे सगळं पास्कलला समजावून सांगितलं. आमच्या दोघांच्या वाड्यांत एकच कुंपण. त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ आहे, त्याच्या भावाने, फर्डिनंडने, बोटीवरून आणलेला. माझ्याकडे अजून रेडिओ नाही. लेखकाने ऐकू नये, ऐकवावं. तरी संध्याकाळी केळींना पाणी पोचलं का ते बघायला मी कुंपणाशी जातो, तेव्हा कानावर पडतं ते पडतं.

पास्कल म्हणाला, "म्हणजे तुझ्या मालिकेचं बायबलच की रे गुरू! आधी सृष्टी, मग माणसं." शब्द आवडला. तोच ठेवतो. मग म्हणाला, "प्रेमलताबाय कधी येणार?" या लोकांना एका विषयावर राहता येत नाही.

२७ नोव्हेंबर

कुटुंबप्रमुख धनंजयराव पुरे झाले. उमदा माणूस. बागायतदार घराणं, पापडीत वास्तव्य, रसिक, विचारवंत, थोडा अबोल पण आतून प्रेमळ. त्याचं बालपणच वहीभर झालं. माझा आणि त्याचा काही संबंध नाही, हे इथे नमूद करतो. माझ्या कपाळावर डावीकडे खोक आहे. त्याच्या उजवीकडे.

मग त्याची बायको सुमती घेतली. "हसतमुख. सोशिक. हाताला चव." इथवर लिहिलं आणि डोकं दुखू लागलं. सुमती उद्या.

भात करपला. पातेलं वाईट आहे.

२८ नोव्हेंबर

सुमती उद्या. आज धनंजयरावांच्या आजोबांची काठी ठरवली. शिसवी, चांदीच्या मुठीची.

४ डिसेंबर

आज सुचलं ते लाख मोलाचं. प्रत्येक भागाची सुरुवात कशाने? बाजाची पेटी, सतार, सगळे तेच करतात. आपण करायची कू!

आमच्या आळीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वाडी ही लांबलचक, माणूस विहिरीपाशी आहे की पानवेलीत, घरातून दिसत नाही. म्हणून मागच्या दारात उभं राहून तोंडाशी हात धरतात आणि 'कूऽऽ' करतात. म्हणजे जेवायला चला. दर घरची कू निराळी. शेजारच्या फ्लॉसीची, म्हणजे पास्कलच्या बायकोची, आखूड, शेवटी झटका. प्रेमलताची लांब, शेवटी वर चढणारी. ऐकली की पुरुषाने 'आलोऽऽ' म्हणायचं आणि हातातलं टाकून घरी जायचं.

चौदा वर्षांच्या संसारात माझा 'आलोऽऽ' एकदाही चुकला नाही. हाक आली की लगेच उत्तर. जायला उशीर व्हायचा, तो विचार चालू असायचे म्हणून. भात निवायचा, ती झाकून ठेवायची. कधी जेवून घ्यायची, कधी तशीच बसायची. आधी आधी तीन-चारदा कू यायची. गेल्या पावसाळ्यापासून एकदाच येऊ लागली. तिलाही माझ्या कामाचं महत्त्व पटत चाललं होतं.

हे लिहीत असतानाच दुपारी कू आली. टाक टाकला, 'आलोऽऽ' म्हणून ओरडलो आणि चक्क धावत मागच्या दारी गेलो. चप्पलसुद्धा घातली नाही.

फ्लॉसी पास्कलला बोलवत होती.

कुंपणावरून माझ्याकडे बघत राहिली. मी केळींना पाणी आहे का ते बघितलं. नव्हतं.

१३ डिसेंबर

साहेबांना न्यायला सुकेळी करायचं ठरवलं. वसईचा माणूस रिकाम्या हाताने गेला असं नको व्हायला. त्यात आहे काय? पिकली राजेळी केळी सोलायची, चटईवर उन्हात टाकायची, रोज उलटायची, संध्याकाळी घरात घ्यायची, वाळली की केळीच्या सुक्या पानात बांधायची. प्रेमलता तर बोलता बोलता करायची. म्हणजे बोलत कोणाशी असायची कोण जाणे, पण करायची.

पहिल्या संध्याकाळी चटई आत घ्यायची राहिली. धनंजयरावांच्या मामांचा स्वभाव ठरत होता. रात्रभर दव पडलं, सकाळी मुंग्यांनी वारी काढलेली. हवा वाईट आहे यंदा.

मालिकेतल्या सुमतीला सुकेळी जमत नाहीत, असं लिहून टाकलं. पात्रात एखादी उणीव असावी, जिवंत वाटतं.

२५ डिसेंबर

नाताळ. सकाळपासून आळीत घंटा, नवे कपडे, पोरांचा गलका. फ्लॉसीने ताट पाठवलं, तळलेले मैद्याचे फुगे आणि केक. उभ्या उभ्या खाल्लं. बसून खायला काही विशेष कारण नव्हतं.

ताट परत द्यायला गेलो तेव्हा संशोधनाचं काम उरकून घेतलं. फ्लॉसीला विचारलं, साधारण बायकांना हसू कशाचं येतं? सुमतीच्या पानासाठी हवं होतं. ती म्हणाली, साधारण बायकांचं मला नाय ठाऊक, तुझ्या बायकोला माझ्या सासूची नक्कल केली की हसू येतं. पदर तोंडात कोंबून कोंबून हसते. दुपारी रोज कुंपणाशी यायची. म्हणायची, घरात बोलायला माणूस नाही.

मी म्हटलं, असं कसं? रविवारी, सुट्टीला मी घरातच असायचो की!

फ्लॉसी म्हणाली, "तेच सांगायची ती."

या बाईला बोलायची पद्धत नाही. आणि प्रेमलता पदर तोंडात कोंबून हसते? मी कधी बघितलेलं नाही. फ्लॉसीचा काहीतरी घोटाळा होत असणार. तरी लिहून ठेवलं: "सुमती. पदर तोंडात कोंबून हसते." नंतर खोडलं. धनंजयरावांनी हे बघितलेलं नसेल तर पात्राच्या तोंडी, म्हणजे हातात, द्यायचं कसं?

१ जानेवारी १९५४

नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे उठणे. केळींना पाणी. सुमती पूर्ण करणे. प्रेमलताला बोलावणे पाठवायचे की नाही याचा निर्णय घेणे.

उठायला नऊ वाजले. थंडी आहे.

१५ जानेवारी

बाजारात मेहुणा भेटला, नरहरी. आगाशीहून केळीची पानं घेऊन आला होता. मी नेहमीसारखा दिलखुलास हसलो. तो आपला पानं मोजत होता. प्रेमलता बरी आहे म्हणाला. त्याच्या बायकोबरोबर सुकेळी करते. दोघींचं छान जमतं, घरात दिवसभर हसणं-खिदळणं चालू. मी सहज विचारलं, माझं काही विचारते का? म्हणाला, "नाही. बोलावणं येईल, एवढंच म्हणते." मग म्हणाला, "आधी रोज म्हणायची. हल्ली अधूनमधून म्हणते."

मी म्हटलं, महिनाअखेरीला मोठी बातमी आहे, तिला सांग. तो म्हणाला, "तुम्ही या की सांगायला. आगाशी काय विलायतेला आहे?"

जायला हरकत नाही. पण हातात काही नसताना कसं जायचं? माणूस जातो तो मालिका घेऊन जातो. घोडामैदान जवळच आहे.

परत येताना तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. सवयीने. सवय म्हणजे मी कधी घेत नसे, पण घ्यायचं मनात असायचं. घरी येऊन देवाला वाहिला.

२ फेब्रुवारी

साहेबांना भेटलो. बायबल नेलं. दोन गठ्ठे, धोतराच्या फडक्यात बांधून. (जानेवारीअखेर म्हटलं होतं, दोन दिवस इकडेतिकडे.)

साहेब म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, हसतं घर. ते आठवू लागले. जिन्याची आठवण करून दिली, तेव्हा म्हणाले, "हो का?" पण माणूस गुणग्राहक. पानं उलटू लागले. काठीचं पान वाचलं. विहिरीचा नकाशा उलटा धरून बघितला. मी त्यांना कू करून दाखवली. बाहेरून शिपाई आत डोकावला.

साहेब म्हणाले, "हे चांगलं आहे. ती हाक मारते. मग?"

मी म्हटलं, तो 'आलोऽऽ' म्हणतो.

"मग?"

मग तो येत नाही.

"मग ती काय म्हणते?"

मी वंशावळीचं पान शोधू लागलो. साहेबांनी वाट बघितली. मग म्हणाले, "या बाईबद्दल अर्धंच पान आहे हो. ती बोलत का नाही काही? असं करा, एकच भाग लिहून आणा. दोघं जेवायला बसलेत, एवढाच. मग बघू."

गठ्ठे परत दिले. मौल्यवान वस्तू ऑफिसात नको, अशी काळजी त्यांना वाटली असावी. माणूस तरुण आहे, लग्न झालेलं दिसत नाही. नाहीतर असले प्रश्न विचारले नसते.

बाकी 'मग बघू' म्हणजे होकारच की! एक भाग म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

५ फेब्रुवारी

भाग पहिला. कूऽऽ. धनंजय: आलोऽऽ.

इथवर उत्कृष्ट.

६ फेब्रुवारी

तेच.

९ फेब्रुवारी

धनंजय जेवायला येऊन बसला. मोठी मजल मारली आज. धनंजय म्हणाला, भात निवलाय. सुमती म्हणाली

१० फेब्रुवारी

सुमती म्हणाली

११ फेब्रुवारी

टाक खराब झाला आहे. नवीन आणला.

१२ फेब्रुवारी

पाटावर बसून बघितलं. समोर दुसरा पाट मांडला. तिथे ती बसायची. बसायची का? मला आठवतं ते ती वाढते आहे असं. मग मी जेवतो आणि उठतो. ती कधी जेवायची? काय बोलायची? काहीतरी बोलायची हे नक्की. पन्हळ गळते की कसलं तरी. तिच्या वहिनीला मुलगी झाली ते. "ऐकलंत का" असं सुरू व्हायचं. पुढचं आठवत नाही. चौदा वर्षांतलं "ऐकलंत का" तेवढं ऐकलेलं आहे.

पाट उचलून ठेवला. पाहुणे येणार आहेत की काय असं वाटू लागलं उगाच.

१४ फेब्रुवारी

पास्कलला भाग दाखवला. भाग म्हणजे तीन ओळी. बरोबर बायबलही दाखवलं. तो ओट्यावर बसून बराच वेळ वाचत होता. म्हणाला, "गुरू, या घरात एकच माणूस आहे रे." मी म्हटलं, डोळे तपासून घे, नऊ आहेत, वंशावळ बघ. तो म्हणाला, "असतील. पण बाकीचे त्याची वाट बघतात नुसती."

पास्कल शेतीत हुशार आहे. साहित्य प्रत्येकाला कळतंच असं नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी कुंपणाशी होतो. पास्कलच्या ओट्यावर रेडिओ लागला होता. नवी कौटुंबिक मालिका आजपासून, असं निवेदक म्हणाला. लेखक म्हणून नाव घेतलं ते माझं नव्हतं. जिन्यात आमच्याबरोबर एक किडकिडीत गृहस्थ उतरत होता, मला वाटतं तोच. त्याच्याकडे तर कोणी बघतही नव्हतं!

ऐकली. भाषा साधारण. कथानक काहीच नाही. नवरा-बायको पडवळ आणावं की दुधी यावर बोलतात. घरात विहीर कुठल्या बाजूला हे शेवटपर्यंत कळत नाही. आजोबांच्या काठीचा पत्ता नाही. आणि या लोकांना हसू आवरत नव्हतं! फ्लॉसी तर पास्कलच्या पाठीवर थापा मारत होती. ती रेडिओतली बाई बोलायची, मग तो बोलायचा. तो बोलला की ती थांबायची आणि ती बोलली की तोही थांबायचा. बस, एवढंच.

मध्येच बॅटरी संपली. पास्कल म्हणाला, च्यायला, उद्या स्टेशनवर चार्ज करायला न्यायला हवी. दोघं आत गेली. पुढे पडवळाचंच काही बोलत असावीत, आवाज येत होता.

मी बराच वेळ कुंपणाशी उभा होतो. मला प्रेमलताची आठवण येते. फार येते. घर खायला उठतं. हे इथे लिहून ठेवतो. मालिकेत कुठेतरी उपयोगी पडेल.

मालिका कसली म्हणा आता.

२४ फेब्रुवारी

ठरलं. रविवारी आगाशी. तिला बोलवायचं. "चल" म्हणायचं, बस. आधी साहेब, मग मालिका, मग ती, हा क्रमच चुकला. चुकला म्हणजे परिस्थितीने चुकवला.

कसं बोलवायचं याचा आराखडा केला. उद्या पक्का करतो.

२८ फेब्रुवारी, रविवार

पास्कलची सायकल घेतली. फ्लॉसी कुंपणाशी येऊन म्हणाली, "तिथे जाऊन काठीचं सांगत बसू नकोस." सांगणार नव्हतोच. बायबल घरीच ठेवलं. एक गठ्ठा तेवढा कॅरियरला बांधला, वेळप्रसंगी असावा.

आगाशीला पोचेपर्यंत ऊन उतरलं. पुढच्या दाराने जाणार होतो, पण ओट्यावर नरहरी कोणाशी तरी बोलत बसला होता. काय म्हणायचं? घ्यायला आलो? की भेटायला? मग मागच्या अंगाने वाडीतून गेलो. कुंपणाशी थांबलो. मागच्या अंगणात सुकेळी चटयांवर ओळीने घातलेली. एकसारखी, तांबूस. लांबूनसुद्धा तिचा हात कळला मला.

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. दोघी होत्या. एक हसणं दाबल्यासारखं येत होतं, तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं.

फ्लॉसीचा घोटाळा झालेला नव्हता.

हाक मारायला तोंड उघडलं आणि काय हाक मारायची तेच कळेना. नाव मी कधी घेतलेलं नाही. घरात "अगं" म्हणतो, पण कुंपणावरून, मेहुण्याच्या वाडीत, "अगं" म्हटलं तर कोणती येईल? मग तोंडाशी हात धरले आणि कू केली. तिच्यासारखी लांब. शेवटी वर चढवायला गेलो तर आवाज फाटला. नरहरीचं कुत्रं भुंकायला लागलं.

आतलं हसणं थांबलं. आणि मग तिचा आवाज. मोकळा, लांब, शेवटी वर चढणारा:

"आलेऽऽ!"

ओळखली तिने! कुंपणाचा खांब धरला मी. केस नीट केले. गठ्ठा कॅरियरवरून काढून पानवेलीत लपवला.

थांबलो.

हातात काहीतरी काम असणार. हातातलं काम टाकून माणूस लगेच येतो थोडाच? मला का ठाऊक नाही? थोड्या वेळाने तिच्या वहिनी बाहेर आल्या. सुकेळ्यांच्या चटया एकेक करून आत नेल्या. शेवटची उचलताना माझ्या बाजूला बघितलं. मग घरात दिवा लागला. मग ताटं मांडल्याचा आवाज आला. मग आत पुन्हा बोलणं सुरू झालं. हसणंही.

कुत्रं येऊन पायाशी बसलं. पुन्हा कू करावी असं वाटलं. पण उत्तर आलं असताना पुन्हा पुन्हा हाक मारणं बरं दिसत नाही. सायकलला दिवा नाही, म्हणून निघालो. गठ्ठा तिथेच राहिला.

घरी येऊन भात टाकला. आज करपला नाही. दोन माणसांचा केला.

भाग पहिला थोडा पुढे सरकला. सुमतीचं पहिलं वाक्य मिळालं. सुमती: आलेऽऽ.

भात निवलाय. झाकून ठेवला आहे. ती 'आले' म्हणाली आहे.